उपाशीपोटी

सकाळी साडेसातला त्या येतात,
रिकाम्या पोटी, म्हणजे भरल्या पोटी,
कुणी कागलहून, कुणी शिये फाट्यावरून वडापनं.
मी पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवते,
वर लिंबू पिळते
(चालतं लिंबू, मी नियम दोनदा वाचलेत)
आणि म्हणते, पाच मिनिटांत संपवायचं.
उलटी झाली तर उद्या परत.

एकशे सतरा हसली.
वडणग्याची. अभ्यासात नावं लिहायची नसतात,
पण तिनं सांगितलंच : राजाक्का चौगले.
"घरचं गुऱ्हाळ हाय मॅडम.
काहिलीची वाफ गिळतच वाढलोय आम्ही,
आणि तुम्ही हितं मापानं साखर पाजताय?"
बाकावरच्या नऊजणी हसल्या.
मग दोन तास घड्याळाखाली,
पाय सुजलेले, चपला काढून.

रक्त राखाडी टोपणाच्या नळीत घेते.
त्यात फ्लोराइड लागतं, कारण पेशी
नळीतसुद्धा साखर खात राहतात.
अंगाबाहेर पडलोय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

उपाशीपोटी सत्त्याण्णव. नंतर एकशे अडुसष्ट.
हेर्लेकर सरांनी आकड्याभोवती गोल केला.

नाळेतलं रक्त बाळाचं असतं,
नोकरीला लागेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.
आईचंच वाटायचं.
राजाक्काला रात्री पावणेदोनला मुलगी झाली,
तीन किलो नऊशे,
आणि मी बर्फाचा डबा घेऊन जिना उतरत होते पळत,
नळीला चांदीचा कागद, उजेड लागू नये म्हणून,
मिठाईवाले बर्फीला लावतात तसा.
सेरोटोनिन उजेडात टिकत नाही.
अर्ध्या तासात फिरवून, गाळून, उणे ऐंशीला.

आईच्या साखरेचा आईच्या मनाशी काही संबंध आहे का,
एवढाच आमचा प्रश्न. सहा वर्षं झाली.
मेंदूतून नळी भरता येत नाही.
आम्ही दंडाला विचारतो,
उंबऱ्याबाहेर उभं राहून
आत कोण आजारी आहे ओळखावं, तसं.

सहाव्या आठवड्यात ती आली नाही.
फोन दिराकडे. दीर म्हणाला, बरी हाय की.
अशांसाठी रजिस्टरात एक शिक्का आहे : संपर्क तुटला.
मी शाई लावली, आणि तशीच ठेवून दिली.

रविवारी स्कूटी पंचगंगेच्या पुलावरून.
गुऱ्हाळ चालू होतं. भेंडीचं पाणी पडलं,
मळी फेसासारखी वर आली, कुणीतरी ओढून काढली.
ती चिपाडाच्या ढिगाला टेकून बसलेली,
पोरगी मांडीवर, गुटगुटीत, झोपलेली.
सासू म्हणाली, दृष्ट लागलीया. कुणाशी बोलंना झालीया.

मी फॉर्म काढला. पहिला प्रश्न असा :
गेल्या सात दिवसांत पूर्वीसारखं हसू आलं का?
पुढे चार चौकोन.
ती काहिलीकडे बघत राहिली.
मग म्हणाली,
"गूळ कधी उतरायचा त्ये मला वासावरनं कळायचं.
सासऱ्यास्नी बी इचारावं लागायचं मला.
औंदा वासच येईना, मॅडम."

ह्याला चौकोन नव्हता.
पेनाचं टोपण मी तीनदा लावलं, काढलं.
तेवढ्यात गूळ उतरला,
वाफ्यात ओतला, लाल, जाड, चटके देणारा,
आणि सगळा वास माझ्या एकटीच्या अंगावर आला.

सासूला मी रसायनाचं नाव सांगितलं नाही.
म्हटलं, बाळंतिणीची साखर बघतो तसंच हे.
ह्याचंबी औषध असतंय. दृष्ट काढा हवी तर,
पण मंगळवारी पाठवा.

मंगळवारी ती आली, दिरामागं बसून,
डोक्यावरून पदर, पोरगी कुंचीत.
मनाच्या डॉक्टरांच्या दाराशी नंबर सत्तावीस.
दहा वर्षांच्या सवयीनं मी विचारलं,
काही खाल्लं नाहीस ना?
ती दचकली. "खाल्ली की. अर्धी भाकरी."
आणि आता रक्त घेणार नाहीत म्हणून
ओशाळली.

बरं केलंस, म्हटलं मी.
उरलेली अर्धी कुठाय?