ज्यानं हरवलं त्याच्या बाजूनं

दुपारी निवृत्ती गायखे हरला.
आठ-शून्य. पहिल्याच फेरीत, दोन मिनिटांच्या आत.
समोर निळ्या कपड्यातला किर्गिझ पोरगा,
कानांचे पार गोळे झालेले.
त्यानं मागून मिठी भरली, उचललं,
आणि पळश्याचा निवृत्ती त्या परक्या हॉलचं छत
दोनदा बघून आला.

पंचवटीतल्या तालमीत आम्ही अकरा जण,
फोन हळदीच्या डब्याला टेकवलेला.
कुणी बोललं नाही.
सादिकनं मातीवर ताक शिंपडलं, गरज नसताना.

दगूवस्ताद म्हणाले, थांबा, अजून आहे.
ज्यानं पाडलं तो फायनलला गेला
तर पडलेल्याला परत बोलावतात.
ह्या कुस्तीत असं असतं.
'ह्या कुस्तीत' म्हणताना त्यांचं तोंड अजून
कारलं चावल्यासारखं होतं:
पायाला हात लावायचा नाही, टांग मारायची नाही,
कमरेखाली माणूस नाहीच असं धरून चालायचं.

एकेरी पट ही माझी भाकरी होती.
ती ताटातून गेली तेव्हा मी अठराचा, निवृत्ती सतराचा.
तो छातीला छाती लावून नवं शिकला.
छाती मी पुरवली.
निवड चाचणीत साठ किलोला त्यानं मला तीन-एक काढलं,
आणि पुढचे चार महिने मी त्याचा बाहुला.
रोज उचलून टाकायचा,
टाकल्यावर विचारायचा, लागलं का रे?
लागायचं.
सातपूरला लेथवर उभं राहिलो की
डावी बरगडी मोजून सांगायची.

तर संध्याकाळपासून आम्ही सगळे किर्गिझ.
त्याचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना,
म्हणून पाव्हणा.
पाव्हण्यानं हंगेरीवाल्याला लोळवलं
तेव्हा तालमीत शड्डू घुमले.
सेमीफायनल रात्री साडेदहाला. मी पाळी बदलून घेतली होती.
एक-एक. शेवटचा गुण पाव्हण्याचा, म्हणून पुढे तो.
सव्वीस सेकंद.
जॉर्जियावाला त्याला रेटत रेटत काठावर नेतो,
आणि ज्यांनी जन्मात परक्या तालमीच्या पैलवानाला
पाणी विचारलं नाही ते दगूवस्ताद
फोनवर ओरडतात,
कंबर खाली घे बाळा, खाली घे!
बाळानं घेतली.

मग काय, नाचलो.
बाहेर रिक्षा थांबवून एकानं विचारलं, कोण जिंकलं?
सादिक म्हणाला, आमच्याला ज्यानं आपटलं तो.
रिक्षावाला जरा वेळ बघत राहिला, मग गिअर टाकून गेला.

मला यातलं काही नवीन नव्हतं.
चाचणी झाल्यापासून मी हेच करतोय.

साडेअकराला फोन. निवृत्ती. आवाज बारीक.
"जेवलो रे."
काय?
"हरलो म्हणून जेवलो. दोन ताटं. वर केक.
सकाळी परत वजन आहे म्हणे. काटा एकसष्ट आठशे दाखवतोय."
ह्याच पठ्ठ्यानं फेब्रुवारीत
ओझरहून आलेल्या अख्ख्या पेटीतली सात द्राक्षं
मोजून खाल्ली होती, आठवं माझ्या हातावर ठेवलं होतं.
"एकट्याला पळवत नाहीये."

खुंटीवरचं प्लास्टिकचं जॅकेट काढलं,
माझंच, चाचणीच्या आधीचं, काखेत उसवलेलं.
फोन आत, छातीशी, आवाज मोठा करून.
तो तिकडं हॉटेलच्या जिन्यात, चौदा मजले वर, चौदा खाली.
मी रामवाडीच्या पुलावरून गंगापूर रोडला.
नदीला आज शेवाळाचा वास.
जेहान सर्कलला कुत्री मागं लागली.
काय झालं, तो. काही नाही, पळ, मी.
सोमेश्वरपर्यंत मग कुणी बोललं नाही,
नुसता दम. माझा,
आणि जरा उशिरानं पोचणारा त्याचा.

किती झालं?
"थांब. काट्यावर चढतो."

मी थांबलो नाही.