अकरावं

केतकीला अकरापर्यंत मोजता येतं
बोटं न संपता.
नर्सरीत मिस फ्रेझर म्हणाल्या, पुन्हा मोज.
तिनं पुन्हा मोजलं. पुन्हा अकराच.

उजव्या करंगळीच्या कडेला
शेंगेत न भरलेला दाणा असतो तेवढं,
पण नखासकट.
तिनं त्याचं नाव ठेवलं होतं पिटुकली.
डंडीच्या थंडीत सगळ्या पोरांना पाच बोटांचे हातमोजे,
हिला मात्र पिशवीसारखे,
ज्यात सगळी एकत्र राहतात.

डॉक्टर म्हणाले, हाड नाही, नुसती कातडी आणि एक शीर.
वीस मिनिटांचं काम.
वीस मिनिटांत माझ्याकडे वरणसुद्धा शिजत नाही.

फॉर्मवर एक चौकोन होता :
काढलेला भाग रुग्णालयाकडे राहील,
योग्य ती विल्हेवाट लावली जाईल.
मी मनातल्या मनात मराठी केलं आणि तिथंच अडले.
विल्हेवाट रद्दीची लावतात,
लग्नघरी उरलेल्या जिलब्यांची लावतात.
पेन शाईचं नव्हतं तरी त्याचा डाग पडेल असं वाटलं.
मग खूण केली.

आत एकालाच येता येतं.
अभय पार्किंगची नाणी शोधत खाली राहिला,
आणि मला माहीत आहे की त्याला नाणी सापडली होती.

मोराग नावाची नर्स, केस पांढरे, हात ऊबदार,
म्हणाली, कुठल्याही भाषेत मोज गं.
मास्कला स्ट्रॉबेरीचा वास, जो कुठल्याच स्ट्रॉबेरीला नसतो.
एक, दोन, तीन,
चा
आणि तिचा हात माझ्या हातात एकदम जड झाला,
झोपलेल्या मुलीचा होतो तसा नाही, निराळा.
डोळे अर्धे उघडेच राहिले.
हे कुणी सांगितलं नव्हतं.
मोरागनं माझं कोपर धरून मला दाराकडे वळवलं
जसं लग्नात कुणीतरी वळवतं, आता इकडे.

बाहेर खिडकीतून टे नदी दिसत होती,
त्या रंगाला मराठीत राखी म्हणावं की शिशाचा, ठरेना.
मी माझ्या करंगळीच्या कडेचा उंचवटा चोळत होते.
माझंही होतं.
मिरजेत सुईणीनं घोड्याच्या केसानं बांधलं,
नवव्या दिवशी गळालं.
आईला विचारलं होतं, कुठे गेलं गं ते?
ती तांदूळ निवडत होती.
म्हणाली, केरात गेलं असेल, कोण बघतंय.
तेव्हा फार राग आला होता.

केतकी उठली ती किंचाळत,
मग तिला लोणी लावलेला टोस्ट दिसला.
हाताला बॉक्सरसारखं बँडेज,
त्यावर अस्वलाचं स्टिकर.
अभय म्हणाला, आता तुला खरे हातमोजे आणू, पाच बोटांचे!
ती चावता चावता थांबली.
आणि पिटुकलीला?

मी आठवडाभर उत्तरं तयार केली होती,
ढगाचं एक होतं, परीचं एक, दोन्ही चांगली होती.
म्हटलं, ती डॉक्टरांकडे राहिली.
बरं, म्हणाली केतकी, आणि सालाचा भाग मला दिला.

रात्री ती माझ्याजवळ झोपायला आली
आणि डाव्या हातानं माझी बोटं मोजू लागली.
दहा झाली तरी थांबेना,
कडेला चाचपत राहिली.
हे बटण कशाचं?
कशाचंच नाही.
दाबलं की काय होतं?
काही होत नाही गं, झोप.

तिनं दाबून बघितलं.
थोडा वेळ वाट पाहिली.
पुन्हा दाबलं.