वगळण्याची अट

दिवाडीच्या दोनशे बारा घरांपासून
फेरीच्या धक्क्यापर्यंतचं अंतर मी पावलांनी मोजलं,
मग नकाशावर, मग पुन्हा पावलांनी,
कारण मानशीवरून जाणारी पायवाट
नकाशाला ठाऊक नव्हती.

प्रश्न साधा होता: शिकलेल्याला पगार जास्त मिळतो,
तो शिकल्यामुळे, की तो मुळातच तसा होता म्हणून?
तसा म्हणजे कसा, हे कुठल्याच रकान्यात मावत नाही.
जिद्द म्हणा. लिस्बनमधला मामा म्हणा.
पुस्तक मिट असं कधीच न म्हणालेला बाप म्हणा.
हे सगळं त्रुटीच्या पदात जाऊन बसतं
आणि तिथून ओढतं,
एका हाताने शाळा, दुसऱ्याने पगार.

म्हणून हवं होतं बाहेरचं काहीतरी,
पोरांना शाळेकडे ढकलणारं
आणि पुढे त्यांच्या पगाराच्या पाकिटाला
बोटही न लावणारं.
धक्क्यापासूनचं अंतर! वा, म्हटलं मी.
ढकलतंही जोरात: पहिल्या टप्प्यातला आकडा एकतीस.
दहाच्या वर गेला की आमच्यात लोक मान डोलावतात.

लुदोविना धक्क्याशी खुबे विकते.
माझी वही उलटीच धरून तिने पाहिली, म्हणाली,
"फेरी फकत भुरग्यांक व्हरना, बाय."
आणि एकेक खुबा बाजूला ठेवत सांगत गेली:
पणजीच्या हॉटेलात जागा रिकामी झाल्याची बातमी,
बँकेतल्या साहेबाशी रोजची मान हलवण्यापुरती ओळख,
कुठल्या दुकानात हिशेबाला माणूस हवा,
एक जावई, तोही पलीकडचा.
शाळेला न विचारता
हे सगळं पगारापर्यंत पोचतं.

ती वाट बंद आहे असं मी गृहीत धरलं होतं.
याला चाचणी नसते.
याला फक्त शपथ असते,
ती मी पान सातवर टाइप केली होती.

आणि शाणू. धक्क्यापासून चाळीस पावलं.
जवळ राहणाऱ्याने जास्त शिकावं, निदान कमी तरी नाही,
एवढंच माझं समीकरण त्याच्याकडे मागत होतं.
तो सातवीत फेरीचा दोर धरायला गेला तो गेलाच.
"पयस आसलों जाल्यार मॅट्रीक जातलों आसलों," म्हणतो, हसत.
अशा माणसाला आमच्या पुस्तकांत नाव आहे
आणि तो नसतोच असं मानायची रीत आहे.

तरीही उत्तर येतं. पण सगळ्यांचं नाही.
कुठेही राहिली असती तरी शिकलीच असती, तिचं नाही.
धक्का दारात आणला तरी जो गेला नसता, त्याचंही नाही.
फक्त मधल्यांचं, ज्यांचं आयुष्य
चारशे पावलांवर इकडचं तिकडे झालं.
ते कोण, हे बोट दाखवून
कुणालाच सांगता येत नाही.

घर क्रमांक एकशे चार. नव्वद पावलं.
आधी आम्ही गोळतीच्या टोकाला होतो.
आईने पाटल्या मोडल्या, इथे दोन खोल्या घेतल्या,
तीन मुली सकाळची पहिली फेरी गाठाव्यात म्हणून.
म्हणजे जी जिद्द चुकवायला मी अंतर शोधलं
ती अंतरातच राहायला आली होती,
भाडं भरून.

रात्री तळटीप घातली, बारीक टाइपात:
लेखिकेचे घर नमुन्यातून वगळले आहे.
दोनशे अकरा घरांवर गणित पुन्हा चालवलं.
दुसऱ्या दशांशापर्यंत आकडा
हललाच नाही.