मान खाली

आईच्या उजव्या डोळ्यातला पडदा सुटला होता.
डॉक्टरांनी आत वायूचा एक बुडबुडा सोडला,
आणि तो पडद्याला टेकून राहावा म्हणून
दहा दिवस तिनं जमिनीकडे बघायचं.
"माताजी, मुंह नीचे. खाना भी नीचे, सोना भी नीचे."
रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत
आई उशीवर कपाळ टेकून बसली,
फरशीच्या ठिपक्यांकडे तोंड करून,
आणि पहिल्याच संध्याकाळी साडेसातला म्हणाली,
"हेमू, टीव्ही लाव."

लावला.
"काय झालं?"
"काही नाही."

हे मी पूर्वीही म्हणत असे.
टीव्ही बाहेरच्या खोलीत, गॅस आत;
मालिका ती पोळ्या लाटता लाटता कानांनी बघायची.
संगीत जोरात वाजलं की लाटणं थांबायचं,
"काय झालं रे?"
"काही नाही."
वीस वर्षं.
कुणाची लग्नं मोडली, कोण कड्यावरून पडलं
आणि दुसऱ्याच चेहऱ्यानं परत आलं,
तिला मी ही एकच बातमी देत आलो.

आता ती उशीतून म्हणाली,
"काही नाही, तर ती बाई रडते कशाला?"

म्हणून सांगायला लागलो.
रडते आहे.
"कशी?"
कशी म्हणजे? डोळ्यांनी.
"अरे, ओठ दाबून, की तोंड उघडं टाकून?"
मी पुढं सरकून बसलो.
कुणी रडायला लागलं की आजवर मी
पाणी आणायला उठत आलो होतो.
"ओठ दाबून," म्हणालो. "नाक लाल नाही झालेलं."
"मग खोटं," आई म्हणाली, समाधानानं.

सासूची साडी हिरवी, जांभळ्या काठांची.
थोरली सून भाजी सुधारते आहे.
(मालिकेतले लोक पुण्याचे, ते चिरतात.
इंदुरात आम्ही सुधारतो, आणि पुण्याची मामी
दर सुट्टीत विचारायची, इतकी का बिघडली होती?)

जाहिराती लागल्या की मी आईच्या मानेला तेल चोळायचो.
तिच्या मानेवर तीळ आहे
हे मला माहीत नव्हतं.
तिलाही नव्हतं.

सहाव्या दिवशी भागात काही घडेचना.
सगळे एकमेकांकडे तीन-तीनदा बघत होते, विजा चमकवून.
मी म्हणालो, "जिन्यात एक माणूस बसला आहे."
नव्हता.
"कोण?"
"ठाऊक नाही. बूट काढतो आहे."
"कसले?"
"तपकिरी. डावी टाच आतून झिजलेली."

उशी काही बोलली नाही.
साबण येऊन गेला, सिमेंट येऊन गेलं.
मग, "घामेजला आहे का?"
"हो. मिलमधून..." मी जीभ चावली.
"ऑफिसातून आला असेल."
"वर तर येऊ दे त्याला," आई म्हणाली.

मग रोज मी त्याला थोडं थोडं वर आणलं.
एक दिवस तो तिसऱ्या पायरीवर दम खात थांबला.
एक दिवस त्याच्या हातात शेवेचा पुडा होता, तेल सुटलेला.
"कागद इंग्रजी की हिंदी?"
"हिंदी."
"हं."

दहाव्या दिवशी तो दाराशी पोचला
आणि डॉक्टर म्हणाले, अब उठा सकती हैं.

त्या संध्याकाळी आई खुर्चीत ताठ बसली,
काळा चष्मा लावून, मांडीवर हात.
अख्खा भाग पाहिला.
सासूची साडी पिवळी होती, नायिका मी सांगितली त्याहून जाड.
आई त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही.
नावं सरकायला लागली तेव्हा म्हणाली,
"आज जिना नाही दाखवला,"
आणि दूध बघायला आत गेली.

मी टीव्ही बंद केला.
बऱ्याच वेळानं आतून आवाज आला,
"काय झालं रे?"

"बूट काढून झाले," मी म्हणालो.