हँडब्रेक ओढल्यावर

उलानबातर. कंटेनरमधलं माझं दुकान,
बाहेर उणे एकतीस.
लुव्सनशरवच्या मिशीतला बर्फ आधी वितळला,
मग तो बोलला.

गाडी जपानहून आलेली, जुनी,
स्टिअरिंग या देशाच्या उलट बाजूला.
डॅशबोर्डवरचा प्लेअर अजून जपानीच बोलतो
आणि खाण्याच्या बाबतीत महाखोड्याळ:
सातशेवीस बाय चारशेऐंशी, एव्हीआयच हवं,
फाइलीच्या नावात आठच अक्षरं, तीही रोमन.
मोबाईलचं काही त्याच्या घशाखाली उतरत नाही.

चौदा क्लिपा. सगळ्यांत एकच बाई,
शेगडीपुढे उभी. दुलमसुरेन.
हातांनी बोलते.
"जन्मापासून ऐकू येत नाही,"
रस्ता कच्चा आहे म्हणावं तसं तो म्हणाला.
खोव्दपर्यंत चौदाशे किलोमीटर,
महिन्यातून तीन खेपा.

पहिल्यांदा मी चुकले.
उभा व्हिडिओ, आडवा पडदा;
कडेचे काळे पट्टे गिऱ्हाइकांना खपत नाहीत,
म्हणून कापून पडदा भरला.
त्यानं पाहिलं.
"इथं ती काय म्हणाली ते तू कापलंस."
कपाळाशी गेलेला हात नव्हता,
कमरेजवळचाही नव्हता.
पट्टे परत आणले.

मग फाइल हलकी व्हावी म्हणून
सेकंदाला पंधरा चौकटी.
"ही बोबडी झाली," तो म्हणाला.
तीस केल्या. पंखा घरघरत राहिला,
टक्के रांगत राहिले, चहा दोनदा झाला.

"आवाज काढून टाकते, जागा वाचेल."
हे बोलायला नको होतं. बोलले.
"राहू दे," म्हणाला.
मी इयरफोन लावला:
शेगडीत तडतडणारी शेणी,
बाहीची सळसळ, तळव्यावर तळवा,
लांब कुठेतरी कुत्रं,
आणि वाक्य संपलं की नाकातून सुटणारा
एक छोटा श्वास.
"हात वाजतात हे तिला ठाऊक नाही.
मी सांगितलेलं नाही."

गाडी हलली की पडदा निळा होतो,
जपानीत एक ओळ उमटते,
चित्र जातं, सळसळ उरते.
एका वायरीचं काम आहे ते.
चेसिसला जोडली की प्लेअर फसतो,
हँडब्रेक ओढलेलाच आहे असं समजतो.
सगळेच करून घेतात.
मी पक्कड उचललीसुद्धा होती.

"ती बोलत असताना
मी गाडी चालवत बसू होय?"

पक्कड ठेवली. फाइलींना नावं दिली,
दुलम एक ते दुलम चौदा;
सुरेन मावली नाही.
पैसे मोजताना विचारलं,
एवढं काय सांगते ती?
"टायर बघून घे, म्हणते."
चौदाही वेळा?
"एकदा उसने पैसे परत मागितलेत."

दुकान बंद केलं तरी
त्याची गाडी आवारातच होती.
धुराड्यातून वाफ, काचेवर उजेड.
त्यानं हातमोजे काढलेले,
आणि पडद्यासमोर हात
भरभर हलत होते,
बहुतेक पैशांवरूनच.