चिमटी

बेडगला पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते.
पानमळ्याकडेच्या गोठ्यात मोरणी बसलेली,
मान वळवून कुशीत खुपसलेली,
जणू स्वतःचंच पोट ऐकत होती.
"कान बघा, गार पडल्यात," पद्माक्का म्हणाली.
"परवा याली. चीक तर बादलीभर दिला की वो!"

दिला, तेच तर.
चिकातल्या केसिननं
रक्तातला चुना वेचून वेचून नेला रेडकासाठी;
हाडांकडून उसना येईपर्यंत
आईची झोळी रिकामी.

अभिनंदननं बॅटरी धरली.
बाटली कोमट पाण्यातून काढली, शीर सापडली.
नळीची चकती अंगठ्या-तर्जनीत धरून
मी थेंब मोजत राहिले.
घाई केली तर काळीजच थबकतं,
म्हणून दुसरा हात तिच्या छातीवर, नळ्या कानात.

शिरवळला सरांनी हात वर करून दाखवला होता:
तर्जनी ताठ, अंगठा उभा, बाकीची बोटं मिटलेली.
"प्रथिनाचा हा हात. या बेचक्यात कॅल्शियम बसतं."
मागच्या बाकावर आम्ही हसलो.
आम्हाला ती बंदूक वाटली होती.

आता या काळ्या कातड्याखाली
तसले किती हात रिकामे उघडे असतील.
ट्रोपोनिन स्नायूच्या दाराशी,
चुना हाती पडल्याशिवाय अडसर सरकवत नाही.
कॅल्मोड्युलिन चारही पंजे पसरून बसलेलं.
रक्तातला हमाल अल्ब्युमिन
निम्म्या ओझ्यानं नुसताच फिरतोय.
अंगात जोर आहे हिच्या.
निरोप तेवढा पोचत नाही.

पाऊण बाटली संपली
आणि खांद्यावर थरथर उठली,
विहिरीच्या पाण्यावरून वारा जावा तशी.
नाकपुडीला घाम. एक लांब ढेकर.
मग शेण.
"हागली!" अभिनंदन ओरडला,
बारशाला नाव फोडावं तसा.
आधी मागचे पाय, मग गुडघे,
मग सगळी मोरणी, झिंगल्यासारखी, पण उभी.

"काय व्हतं वो बाटलीत?"
"चुनाच म्हणा."
"म्हंजी चुना लावला आमाला!"
हसत तिनं कमरेची चंची सोडली,
पान लुगड्याला पुसलं,
आणि तर्जनीच्या टोकावर चुना घेतला,
अंगठा उभा, बाकीची बोटं मिटलेली.
मी बघत राहिले.

पान घेतलं. एरवी खात नाही.
"सकाळी सगळं दूध पिळू नका, आक्का,
थोडं आत राहू दे."
"बरं," म्हणाली.
पिळणारच ती.
उद्या दुपारी फोन येईल.