सहापैकी चार

पहिला येईल त्याला हजार.
बाकीच्यांना त्याच्या वेळेच्या मापानं:
त्याची मिनिटं भागिले तुमची, गुणिले हजार.
मोसमात सहा शर्यती, धरायच्या चांगल्या चार.
दोन सोडून द्यायच्या.
ताप, लग्नकार्य, मुरगळलेला घोटा
यांची जागा आधीच राखून ठेवलेली.

विक्रीकर खात्यात बत्तीस वर्षं काढली मी.
आकडा खोटं बोलत नाही म्हणणाऱ्यांनी
आकड्याला कधी एकटं गाठलेलं नसतं.

खारघरच्या टेकडीवर शार्दूल पाताडे आलाच नाही,
घरी हळद होती.
तर मागचे सगळे वर सरकले,
खाडीत भरतीला होड्या उचलल्या जातात तसे,
वल्हं न मारता.
रात्री फिलोमिना परेराचा फोन.
काका, हे हजार माझे नाहीत.
मी म्हटलं, बाई गं,
सूत्रात तसा रकाना नाही.

पारसिकला सातव्या कंट्रोलपाशी
एक पोरगं गुडघा फोडून बसलेलं.
तन्वीर काझी थांबला, रुमाल बांधला,
खांद्याला धरून रस्त्यापर्यंत आणलं.
किती वेळ गेला?
तन्वीर म्हणाला, बारा मिनिटं.
पोरगं म्हणालं, अर्धा तास तरी.
मी मधला आकडा काढला नाही.
बाराच वजा केली.
ज्याचं गेलं, त्याचा शब्द.

मग येऊर.
नकाशावर करुणा वरठाचं घर
एक काळा चौकोन, नखाच्या टोकाएवढा.
नियम असा की रान ज्याच्या पायाखालचं
त्यानं तिथं धावायचं नाही.
बदल्यात इतर शर्यतींची सरासरी.
नियम मीच लिहिलेला, तीन वर्षांपूर्वी,
कोपरीच्या घरात, पंख्याखाली.

तिला अकराव्या कंट्रोलवर पाणी द्यायला बसवलं.
कंपास फिरवत, घामाघूम माणसं यायची,
ओढा कुठल्या हाताला, विचारायची.
ती पाणी द्यायची.
सांगायचं नाही हेही नियमातच.
तिच्या मागे दीडशे पावलांवर
तिची आई चुलीला फुंकर घालत होती,
तो धूर नकाशात नव्हता.

सरासरी आली आठशे बारा.
तक्ता बघून करुणानं विचारलं,
हे आठशे बारा कुठल्या वाटेनं आले?

उत्तर द्यायला मी चष्मा पुसला.

पुढच्या मंगळवारी ती एकटीच धावली म्हणे,
सगळे कंट्रोल काढून झाल्यावर,
रिकाम्या झाडांना हात लावत.
एक्केचाळीस मिनिटं.
शार्दूलला सत्तेचाळीस लागली होती.
घड्याळ तिच्या धाकट्या भावाकडे,
तो आठ वर्षांचा.

तक्त्यात हे घेता येत नाही.
तक्ता आता लागलाय, करुणा तिसरी,
दुसऱ्या फिलोमिनाहून तीन गुणांनी मागे.
माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मात्र
पेन्सिलीनं एक्केचाळीस लिहिलंय.
पुढे भागाकाराची रेघही ओढून ठेवलीय.
रेघेखाली काय लिहायचं
ते जूनपर्यंत ठरवायचं आहे.